घरी शिकवायचे की घरी बसवायचे?

(रविवारचे चिंतन : मार्क ५:२१-४३)



गेल्या महिन्यात, शाळा सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, मी आपल्या धर्मग्रामातील एका घरी गेलो होतो. त्या कुटुंबाच्या परवानगीने, पण ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, मी त्या भेटीविषयी आज लिहीत आहे. वडील एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. आईचे डी.एड. झालेले आहे. लग्नाआधी तिने दोन वर्षे शिकवलेही होते. घरात आजी आहेत, अकरा वर्षांची मुलगी आहे आणि तिच्या पाठचा दीड वर्षाचा भाऊ आहे. प्रार्थना झाली, चहा आला. तेवढ्यात वडील म्हणाले, "फादर, हिला आता शाळेतनं काढून घरीच शिकवायचं म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

मी चटकन म्हणालो, "असं काही करू नका." पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे मी नीट ऐकूनच घेतले नव्हते. मग ऐकले. मुलगी सहावीत. गावातली शाळा संपली, आता एसटीने सात किलोमीटर जावे लागते. स्टँडवर टवाळ पोरांचा घोळका असतो. वर्गात मुले जास्त, बाईंना सगळ्यांकडे बघायला होत नाही. मैत्रिणींच्या बोलण्यात मोबाईलवरचे नको ते विषय येतात. आई म्हणाली, "मी शिकवू शकते, फादर. गणित तर मी वर्गापेक्षा चांगलं शिकवीन." आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "आता ती मोठी व्हायला लागली. जग लई वाईट हाय."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून हे सारे ऐकत होती. तिला कोणी काही विचारले नव्हते. मीही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईवडिलांची काळजी खरी होती. आईची तयारीही खरी होती. मग माझ्या मनात खटकत होते ते काय? त्या विचारातून हे चिंतन आले आहे.

पहिले गुरू आईवडीलच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या आईवडिलांच्या मनात जो विचार आला, तो ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या विरुद्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे सांगितले आहे. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या पत्रात हीच गोष्ट आणखी आग्रहाने मांडली. शाळा, धर्मग्राम आणि सरकार हे आईवडिलांचे मदतनीस आहेत. मुलाला शाळेत घातले, फी भरली, दप्तर घेतले, की आपले काम संपले असे समजणारे आईवडील आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतात.

आपल्या श्रद्धेची मुळे तर घरच्या शिक्षणातच आहेत. येत्या २६ जुलैला आपण पवित्र मरियेचे आईवडील संत योवाकीम आणि संत आन्ना यांचा सण साजरा करू. बायबलमध्ये त्यांची नावे नाहीत. ती ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेने आपल्याला दिली आहेत. पण जुन्या चर्चमधून संत आन्नाचे चित्र किंवा पुतळा पाहिलात, तर बहुधा तिच्या हाती पुस्तक असते आणि छोटी मरिया तिच्या गुडघ्याशी उभी राहून वाचायला शिकत असते. किती शतके ख्रिस्ती लोकांनी आईचे हे रूप डोळ्यांपुढे ठेवले! मुलगी आईकडून वाचायला शिकते आणि ही मुलगी पुढे देवाच्या पुत्राला बोलायला शिकवते.

संत पौल तिमथीला लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आवर्जून आठवण काढतो. तिमथीची श्रद्धा त्या दोघींकडून आली होती. आजी-आजोबांसाठी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलैचा चौथा रविवार जागतिक दिन म्हणून ठरवून दिला, तोही योवाकीम आणि आन्ना यांच्या सणाच्या जवळ. तेव्हा घर ही शाळा आहे, यात शंका नाही.

मग मला खटकत होते ते काय? मला खटकत होती आपल्या मातीतली एक जुनी सवय.

आपल्याकडे 'घरी ठेवली' म्हणजे काय?

आपल्या सातारा-सांगलीकडे "पोरीला घरी ठेवली" या शब्दांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षण बंद झाले, हाच त्याचा अर्थ. मुलगा घरी राहिला तर लोक विचारतात, "का रे, शाळेत का जात नाहीस?" मुलगी घरी राहिली तर कोणी विचारत नाही. ती धुणे धुते, भाकरी थापते, धाकट्याला कडेवर घेते आणि तिला "गुणाची पोर" म्हणतात. कधी कधी तेराव्या-चौदाव्या वर्षीच स्थळे यायला लागतात. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे, हे सर्वांना माहीत असूनही.

याचे सर्वांत उघडे रूप आपण दर हिवाळ्यात पाहतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), जालना या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. कराड, वाळवा, सांगलीच्या परिसरात त्यांच्या खोपी उभ्या राहतात. आईबाप पहाटे कोयते घेऊन फडात जातात. खोपीत मागे कोण राहते? दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी. तान्ह्याला ती सांभाळते, पाणी ती भरते, भाकरीचे ती पाहते. तिच्या गावातल्या शाळेत तिचे नाव पटावर असते, ती मात्र इथे असते. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, आणि त्यांनी काही मुलांना खरोखर वाचवले. तरीही रस्त्याच्या कडेला भावंडाला कडेवर घेऊन उभी राहिलेली ती मुलगी आपण गाडीतून जाताना पाहतो आणि पुढे जातो.

लॉकडाऊनच्या काळात तर आपल्या सर्वांच्या घरी हा अनुभव आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दीड-दोन वर्षे कधी चालू, कधी बंद अशाच राहिल्या. कृष्णाकाठच्या लोकांना त्याच्या आधी ऑगस्ट २०१९ चा महापूर आणि नंतर २०२१ चा पूर यांनीही शाळेपासून दूर ठेवले. घरेच शाळा झाली. पण घरात फोन एकच असेल तर तो कोणाच्या हाती गेला? आपण प्रामाणिकपणे आठवून पाहू. बहुतेक घरांत तो मुलाच्या हाती गेला आणि मुलीच्या हाती केरसुणी आली.

म्हणून कोणी म्हणाले की "मुलीला घरी शिकवणार", तर मनात प्रश्न येतो : घरी शिकवणार की घरी बसवणार? दोन्हीकडे मुलगी उंबरठ्याच्या आतच असते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. पण एका घरात दार उघडते आणि दुसऱ्यात ते बंद होते.

दार उघडणारी दोन घरे

घरात शिकलेल्या दोन मुलींची आठवण आज करू या. दोघी आपल्या महाराष्ट्राच्या. दोघींचा ख्रिस्ती माणसांशी आणि पुस्तकांशी संबंध आला.

पहिली आपल्या सातारा जिल्ह्याची. खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुढचे आयुष्य चुलीपुढे जायचे. पण जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. पुढे त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, त्यात अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील मिस फॅरार यांचे नाव सांगितले जाते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि घरात शिकलेली ती मुलगी शेकडो मुलींची शिक्षिका झाली. रस्त्यात लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, तरी त्या थांबल्या नाहीत. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. बंधु-भगिनींनो, आपल्या भावंडांसाठी जीव देणे ही ख्रिस्ती प्रीतीचीच खूण आहे, मग ती कोठेही दिसो.

दुसरी पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. स्त्रीला संस्कृत शिकवतो म्हणून त्यांना मोठा विरोध झाला आणि शेवटी ते रानात जाऊन राहिले. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे आपल्या धाकट्या मुलीला, रमाबाईंना, शिकवले. घर तरी कसले? हे कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरत होते. पहाटे, घरकामाच्या आधी, आई मुलीला उठवून पाठ देई. आठ-नऊ वर्षांपासून पुढची वर्षे, म्हणजे आज आपण ज्या वयाविषयी बोलतो आहोत तीच वर्षे, अशी गेली. शाळा नव्हती, फळा नव्हता, आई होती. आईवडील दुष्काळात गेले, रमाबाई वीस वर्षांच्या असताना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथोलिक नव्हत्या, तरी आपण सारे मराठी ख्रिस्ती त्यांचे ऋणी आहोत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अनाथ, विधवा, दुष्काळग्रस्त मुलींना आसरा दिला आणि अखेरच्या वर्षांपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम केले.

या दोन घरांत समान काय होते? शिकवणाऱ्याने स्वतःचा वेळ आणि स्वतःची इभ्रत दोन्ही खर्ची घातली. आणि मुलीला घरात शिकवले ते ती पुढे जगात जावी म्हणून. जगाला भिऊन तिला दडवून ठेवण्यासाठी नव्हे. लक्ष्मीबाईंनी मुलीची झोप मोडली, पण घरकामासाठी नव्हे, पाठासाठी. त्यात सारे आले.

याईराच्या घरी

आता शुभवर्तमानाकडे वळू या. संत मार्क आपल्याला एका वडिलांची गोष्ट सांगतो. याईर हा सभास्थानाचा अधिकारी, गावातला मान्यवर माणूस. त्याची मुलगी मरणाला टेकली आहे. तिचे वय मार्कने मुद्दाम लिहून ठेवले आहे : बारा वर्षे. हा मोठा माणूस सगळ्या लोकांसमोर प्रभू येशूच्या पायावर पडतो. कोणासाठी? मुलीसाठी. ज्या समाजात मुलग्यासाठी नवस होत आणि मुलीचे मरण मुकाट्याने सोसले जाई, तिथे हा बाप आपली प्रतिष्ठा विसरतो. आपल्यातल्या किती वडिलांनी मुलीच्या शिक्षणासाठी कोणाच्या दारात उभे राहून विनंती केली आहे?

वाटेत आणखी एक स्त्री येते. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत आहे. मुलीचे आयुष्य जितके, तितकाच हिचा आजार. यहुदी नियमांप्रमाणे ती अशुद्ध. तिने कोणाला शिवायचे नाही. ती प्रभूच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. प्रभू तिला रागावत नाही, विटाळ झाला असे म्हणत नाही. उलट तिला मुलगी म्हणून हाक मारतो. त्या अध्यायात दोन मुली आहेत : एक याईराची, दुसरी जिला कोणी आपली म्हणत नव्हते ती.

याचा आपल्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. आपली मुलगी अकरा-बारा वर्षांची होते तेव्हा तिच्या शरीरात बदल होतात. पुष्कळ घरांत याविषयी तिला आधी कोणी काहीच सांगत नाही. ती घाबरते, शाळेत लाजेने मान खाली घालते. मग "कावळा शिवला" म्हणून तिला बाजूला बसवतात. आपल्या ख्रिस्ती घरांतही शेजारपाजारच्या चालीने असे होते, हे मला ठाऊक आहे. मी एक धर्मगुरू म्हणून आपल्याला स्पष्ट सांगतो : प्रभू येशूच्या दृष्टीने ती मुलगी त्या दिवसांतही शुद्धच आहे. तिने चर्चमध्ये यावे, वाचन करावे, ख्रिस्तप्रसाद घ्यावा. आणि आयांनो, हे सारे तिला वेळेआधी, शांतपणे, लाज न बाळगता तुम्ही सांगा. घरच्या शिक्षणाचा हा पहिला धडा आहे आणि तो कोणत्याही शाळेने दिला तरी आईसारखा देता येत नाही.

मग याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास देता? ही वाक्ये आपण किती वेळा ऐकतो! सातवी झाली, आता पुरे. पोरीच्या जातीला शिकून काय करायचे? शेवटी परक्याचे धन. घरात रडणारे जमले आहेत. प्रभू म्हणतो की ती मेलेली नाही, झोपली आहे, तेव्हा ते त्याला हसतात. प्रभू त्या सगळ्यांना बाहेर काढतो. फक्त आईवडील आणि तीन शिष्य यांना आत घेतो. तो मुलीचा हात धरतो आणि तिच्या घरच्या बोलीत तिला उठायला सांगतो. ती उठते आणि चालू लागते.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली : हा चमत्कार घरात झाला, आईवडिलांच्या देखत झाला. प्रभूने मुलीला आईवडिलांपासून तोडले नाही. दुसरी : घरात तिला उठवले ते चालण्यासाठी. बिछान्यावर सुरक्षित ठेवण्यासाठी नाही. आणि शेवटी प्रभू किती साधी गोष्ट सांगतो! तिला काहीतरी खायला द्या. मुलग्याच्या ताटात आधी वाढायचे आणि उरलेले मुलीला, अशी रीत जिथे अजून आहे तिथे हे शब्द पुन्हा पुन्हा वाचावेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्त कमी असल्याचे आढळले. ज्या मुलीचे पोट भरलेले नाही, तिच्या डोक्यात गणित कसे शिरणार?

स्वतःला विचारायचे प्रश्न

आपल्यापैकी कोणी मुलीला घरी शिकवण्याचा विचार करीत असेल, तर त्याने जपमाळ झाल्यावर शांतपणे बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

१. हा निर्णय मी प्रेमापोटी घेत आहे की भीतीपोटी? स्टँडवरच्या टवाळ पोरांना शिक्षा म्हणून माझ्या मुलीची शाळा सुटते आहे का? चूक त्यांची आणि घरी बसणार ती, हा कोणता न्याय?

२. रोज ठरलेल्या वेळी कोण शिकवणार? किती तास? ज्या दिवशी पाहुणे येतील, सुगी असेल, कोणी आजारी असेल, त्या दिवशीही पाठ होणार का?

३. घरी राहिली म्हणून तिच्या वाट्याला घरकाम वाढणार नाही, याची खात्री आहे का? आपण आपल्या मुलालाही असेच घरी ठेवले असते का?

४. तिच्या मैत्रिणी, तिचे खेळ, तिचे बाहेरचे जग कोठे असेल?

५. दहावीचा दाखला तिच्या हाती कसा येणार, हे आपण आजच चौकशी करून ठरवले आहे का?

६. तिला स्वतःला काय वाटते? तिला विचारले आहे का?

पाचव्या प्रश्नाविषयी थोडी माहिती देतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि मुलांना शाळेत दाखल करणे हे त्या कायद्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. घरच्या शिक्षणासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. जे पालक हा मार्ग घेतात ते बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा आधार घेतात. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या परीक्षेला बसता येते. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणूनही दहावी देता येते. कागदपत्रांची नीट चौकशी केल्याशिवाय शाळेतून दाखला काढू नका. एकदा पटावरून नाव गेले की परत येताना मुलीच अधिक अडखळतात. आणि अडचण फक्त लांबच्या शाळेची असेल, तर ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, हे विसरू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घरी

आपल्यापैकी बहुतेकांच्या मुली शाळेत जातात आणि जात राहतील. हे चिंतन आपल्यासाठी नाही असे समजू नका. दहा ते तेरा या वर्षांत मुलगी आईवडिलांपासून थोडी दूर सरकू लागते. दार लावून घेते. उलट उत्तर देते. पण नेमके याच वर्षांत ती सर्वांत जास्त ऐकत असते. आपण तिच्याशी काय बोलतो यापेक्षा आपण एकमेकांशी काय बोलतो, ते ती ऐकते. बाप आईला कसा हाक मारतो, ते ती ऐकते. हेही घरचे शिक्षण आहे आणि याला सुट्टी नसते.

प्रभू येशूची बाराव्या वर्षीची गोष्ट आठवा. तो यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. मरिया आणि योसेफ घाबरून तीन दिवस शोधत होते. तो सापडल्यावर त्यांनी त्याचे मंदिरात जाणे कायमचे बंद केले नाही. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि मरियेने सारे मनात जपून ठेवले. बारा वर्षांच्या मुलाला मंदिरही लागते आणि नाझरेथही लागते. बाहेरचे गुरुजन हवेत आणि घरचे आईवडीलही हवेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी लिहिलेल्या पत्रात मुलांच्या संगोपनाला एक संपूर्ण अध्याय दिला. प्रत्येक पावलावर पहारा ठेवल्याने मूल घडत नाही, त्याच्यात योग्य निवड करण्याचे बळ वाढवावे लागते, असा त्याचा आशय आहे.

म्हणून साध्या गोष्टी सुचवतो. रात्री जेवणानंतर अर्धा तास फोन बाजूला ठेवा आणि मुलीबरोबर बसा. तिच्याकडून बायबलचा उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि त्यावर तिला प्रश्न विचारू द्या. वडिलांनो, आठवड्यातून एकदा तरी तिला बँकेत, बाजारात, पंचायतीत बरोबर न्या. पैसा कसा चालतो, अर्ज कसा लिहितात, माणसाशी कसे बोलायचे हे ती पाहू दे. आजींनो, तुम्हाला शाळा मिळाली नाही, त्याची सल तिला सांगा. भीती सांगू नका. आणि आयांनो, तुम्हीही वाचा. १९३० साली आपल्या सांगलीजवळच्या किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघू लागले, तेव्हा कितीतरी घरांत स्वयंपाक आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात बायका वाचू लागल्या. आई वाचताना दिसली की मुलीला वाच म्हणून सांगावे लागत नाही.

पुन्हा त्या घरी

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी मी आधी मुलीलाच विचारले, "बाळ, तुला काय वाटतं?" ती बराच वेळ आईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई शिकवते ते मला आवडतं, फादर. पण मी घरी राहिल्यावर दुपारी बाळाला बघायला मलाच लावणार ना?"

कोणीच काही बोलले नाही. आजींनी पदराने डोळे पुसले. त्यांनाही अकराव्या वर्षी भावंडासाठीच शाळेतून काढले होते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. मुलालासुद्धा ते ठाऊक नव्हते.

त्या कुटुंबाने अजून अंतिम निर्णय घेतलेला नाही. हे वर्ष तिने शाळेत काढावे, सकाळी वडिलांनी आणि पाळी असेल तेव्हा आजींनी तिला स्टँडपर्यंत सोडावे, संध्याकाळी आईने तिला आणि शेजारच्या दोन मुलींना एक तास शिकवावे, असे ठरले आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करायचा, आणि तेव्हा मुलीलाही बैठकीत घ्यायचे. मला वाटते, त्या घरी शाळा आता खऱ्या अर्थाने सुरू झाली आहे. धाकट्याला दुपारी आजी बघतात.

आपल्या धर्मग्रामात ज्यांना शिकवता येते अशा भगिनींनी संध्याकाळचा एक तास मुलींसाठी द्यायचे ठरवले, तर चर्चमागची खोली उघडी आहे. मिस्सेनंतर मला भेटा.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू याईराच्या घरात गेलास, तसा आमच्या घरांत ये. आमच्या मुलींविषयी हसणाऱ्यांना आणि त्यांच्यावर आधीच रडून मोकळे होणाऱ्यांना बाहेर काढ. आमच्या लेकींचा हात धर, त्यांना उठव, त्यांना चालू दे. आम्हां आईवडिलांना भीतीतून सोडव आणि त्यांना पोटभर अन्न व मनभर ज्ञान देण्याची बुद्धी दे. संत योवाकीम आणि संत आन्ना, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू